फ्रीडरिश : नावातलं 'प्रिय' आणि राजाचं अभय

पत्र लिहायला बसलं की पहिला शब्द हातून आपसूक उतरतो : प्रिय. या शब्दाचा एक सख्खा नातलग हजारभर वर्षांहून जास्त काळ जर्मनीत मुलांच्या नावात राहतो आहे, हे मला कळलं तेव्हा मी जर्मन शिकत होते. आता शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "ताई, हे फ्रीडरिश नाव सारखं सारखं येतं, त्याचा अर्थ काय?" तोवर शेजारच्याने मोबाइलवर उत्तर शोधलेलंही असतं. "शांतताप्रिय राजा."

उत्तर चूक नाही, पण त्यात नावाचा जीव येत नाही. 'शांतताप्रिय' म्हटलं की डोळ्यांसमोर झाडाखाली डोळे मिटून बसलेला माणूस येतो. ज्यांनी हे नाव घडवलं, त्यांच्या मनात असं काही नव्हतं. त्यांच्या मनात जे होतं त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : अभय. 'राजाने अभय दिलं' म्हणतो ना आपण, तेच. ते कसं, हे समजून घ्यायचं तर नाव उसवून बघायला हवं.

आधी उच्चार. मराठी पुस्तकांत फ्रेडरिक, फ्रेड्रिक, फ्रीडरिख, फ्रीडरिश अशी चारही रूपं सापडतात आणि लोक एकमेकांच्या चुका काढत बसतात. अडचण शेवटच्या आवाजाची आहे. तो पुरता श नाही आणि ख तर नाहीच. जीभ 'य' म्हणताना असते तिथे ठेवायची, ओठ 'ई'सारखे ताणायचे आणि कंठातून आवाज न काढता नुसती हवा सोडायची. मांजर लांबून हलकेच फिसकारतं तसा आवाज येतो. 'ह्या' म्हणताना सुरुवातीला जी हवा सुटते, ती याच्या बरीच जवळची. देवनागरीत याला अक्षर नाही, म्हणून मी आपलं 'श' लिहिते. उत्तर जर्मनीतल्या जुन्या बोलीत आणि शेजारच्या डच भाषेत मात्र शेवटी स्वच्छ 'क' ऐकू येतो, फ्रेडरिक. त्यामुळे फ्रेडरिक लिहिणारे अगदीच चुकतात असं नाही. ते फक्त वेगळ्या गावचं रूप लिहितात.

आता अर्थ. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये हे नाव 'फ्रिडुरीह' असं होतं. फ्रिडु अधिक रीह. आधी फ्रिडु घेऊ.

जर्मन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण 'नातं आहे' म्हणणं निराळं आणि ते सिद्ध करणं निराळं. ते सिद्ध होतं आवाजांच्या नियमित बदलांवरून. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'प' राहिला, तिथे जर्मन घराण्यातल्या भाषांत 'फ' झाला. एकदोन शब्दांत नाही, ठरल्यासारखा. आपला पिता, त्यांचा फाटर. आपला पाद, म्हणजे पाय, त्यांचा फूस. आपले पंच, त्यांचे फ्युन्फ. आपलं पूर्ण, त्यांचं फोल. आपला पशु, त्यांचा फी, आणि त्याचाही अर्थ गुरंढोरंच. याकोब ग्रिमने १८२२मध्ये हा नियम नीट मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला तो थोरला. त्याच्या आधी १८०८मध्ये फ्रीडरिश श्लेगल नावाच्या पंडिताने भारतीयांची भाषा आणि प्रज्ञा यांवर पुस्तक लिहून संस्कृत आणि जर्मन यांच्या नात्याकडे युरोपचं लक्ष वेधलं होतं. संस्कृत ही आईच असावी असा त्याचा कल होता. ती आई नसून थोरली बहीण निघाली, पण वाट त्याने दाखवली. त्याच्या स्वतःच्या नावातच पुरावा बसलेला होता.

कारण त्याच नियमाने आपलं 'प्रिय' तिकडे 'फ्री' होतं. प्रिय, प्रीती, प्रेम ज्या मुळातून आले, त्याच मुळातून जर्मन भाषांत तीन शब्द निघाले. फ्रॉइंड म्हणजे मित्र, हे लगेच पटतं. फ्राय म्हणजे स्वतंत्र, इथे मात्र माणूस अडखळतो. प्रेमाचा आणि स्वातंत्र्याचा काय संबंध? जुन्या काळचं घर आठवा. त्या घरात दोन प्रकारची माणसं राहायची. एक रक्ताची, आपली, प्रिय. दुसरी युद्धात धरून आणलेली किंवा विकत घेतलेली, दास. जो 'आपला', तो दास नाही, तो मोकळा. 'प्रिय'चा अर्थ 'स्वतंत्र' झाला तो या वाटेने. मला ही वाट फार हलवून जाते. स्वातंत्र्य म्हणजे कुणापासून तरी सुटणं असं आपण धरून चालतो, आणि या शब्दाच्या मुळाशी आहे कुणाचं तरी असणं.

तिसरा शब्द आपला फ्रिडु, आजचा फ्रीडन. शब्दकोशात अर्थ मिळेल शांतता. पण मुळात ही मनाची शांतता नव्हे. आपल्या माणसांत आपल्यावर कुणी हात उगारणार नाही, ही जी खात्री असते, ती म्हणजे फ्रिडु. हा शब्द मनाचा नव्हता, कायद्याचा होता. आजच्या जर्मनमध्येही घराभोवतीच्या कुंपणाला 'आइनफ्रीडुंग' म्हणतात. कुंपणाच्या आत फ्रीडन, बाहेर जंगल. गावच्या बाजाराला फ्रीडन असे, किल्ल्याला असे. त्या हद्दीत तलवार उपसली की जबर शिक्षा. आणि ज्याचं हे संरक्षण काढून घेतलं, तो 'फ्रीडलोस'. आपल्याकडे वाळीत टाकत तेवढ्यावर हे थांबत नसे. त्याला कुणीही वाटेत मारावं, मारणाऱ्याला जाब नाही. त्याला भाकर देणाराही गुन्हेगार.

मला वाटतं, 'अभय' याहून जवळचा शब्द मराठीत दुसरा नाही.

जाता जाता : शुक्रवारला जर्मन लोक फ्रायटाग म्हणतात. रोमन लोकांचा तो व्हीनसचा दिवस, आपला शुक्राचा, म्हणजे आकाशातला ग्रह एकच. जर्मनांनी व्हीनसच्या जागी आपली फ्रिया देवी बसवली. फ्रिया म्हणजे आपली 'प्रिया'च, अक्षरशः.

रीह, राजा आणि श्रीमंत

नावाचा उत्तरार्ध ओळखायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत. रीह, जुनं रीक, लॅटिनमधला रेक्स आणि आपला राजन् हे एकाच घरातले. पण इथे एक मजेदार गुंता आहे. हा शब्द जर्मनांना थेट आईकडून मिळालेला नाही, शेजाऱ्याकडून उसना आलेला आहे. शेजारी म्हणजे केल्ट लोक, त्या काळी पश्चिम आणि मध्य युरोपात राहणारे. केल्टिक भाषांत मूळ 'ए'चा 'ई' होत असे, जर्मनमध्ये होत नसे. राजाच्या शब्दात तो दीर्घ 'ई' आहे, म्हणजे शब्द केल्टांच्या अंगणातून आला. सीझरला शरण गेलेला गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, केल्ट सरदार वर्किंगेटोरिक्स याच्या नावातलं शेवटचं 'रिक्स' तेच. आणि जर्मनांच्या 'रीक'मध्ये मूळ 'ग'चा 'क' झालेला आहे, म्हणजे तो शब्द ग्रिमने सांगितलेले आवाज बदलून जाण्याच्या आधी आला असला पाहिजे. एका स्वरावरून आणि एका व्यंजनावरून शब्द कुठून आला आणि साधारण केव्हा आला, हे सांगता येतं. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

आजच्या जर्मनमध्ये याच मुळाचे दोन शब्द रोजच्या वापरात आहेत. 'राइश' नाम म्हणून आलं तर राज्य, आणि विशेषण म्हणून आलं तर पैसेवाला. मुलं विचारतात, राजा आणि पैसेवाला एकच कसे? मी त्यांना म्हणते, शनिवारवाड्यात कोण राहायचं? श्रीमंत पेशवे. आपल्याकडे 'श्रीमंत' ही सत्तेची पदवी होती आणि आज तोच शब्द बँकेत पैसा असलेल्यासाठी वापरतो. सत्ता आणि संपत्ती एकाच शब्दात नांदतात, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही.

तर फ्रीडरिश म्हणजे फ्रिडुचा धनी, ज्याच्या हद्दीत आपल्या माणसांना अभय आहे असा.

पण इथे थोडं सावध राहायला हवं. जुनी जर्मन नावं म्हणजे दोन तुकड्यांची जोडणी, आणि ही जोडणी नेहमी अर्थ लावून केलेली नसे. तुकड्यांचा एक साठा असायचा. फ्रीड पुढे लावा, फ्रीडरिश. मागे लावा, झीगफ्रीड, म्हणजे विजय आणि अभय, किंवा गोटफ्रीड, देव आणि अभय. रिश मागे ठेवून पुढचा तुकडा बदला, की हाइनरिश, ज्यात 'हाइम' म्हणजे घर. डीटरिश, ज्यात 'डीट' म्हणजे लोक. उलरिश, ज्यात पिढीजात जमीन आहे, आपल्या भाषेत वतन. आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक, असं करून लेकराचं नाव घडे आणि त्यातून कूळ ओळखू येई. सहाव्या शतकात फ्रँक लोकांची एक राणी होती, फ्रेडेगुंड. फ्रेड म्हणजे अभय आणि गुंड म्हणजे लढाई! वाक्य म्हणून याचा अर्थ लावायला गेलात तर हाती काही लागणार नाही. म्हणून 'या नावाचा अर्थ काय' या प्रश्नाइतकाच 'हे नाव कुणाचं होतं' हा प्रश्नही महत्त्वाचा.

आजोबांचं नाव

तो प्रश्न विचारला की आपण बाराव्या शतकात जाऊन पोचतो. सम्राट फ्रीडरिश पहिला. तांबूस दाढीमुळे इटलीतले लोक त्याला बार्बारोसा म्हणत. ११५२मध्ये तो जर्मनीचा राजा झाला आणि त्याच वर्षी त्याने 'लांटफ्रीडे' जाहीर केली, म्हणजे साऱ्या मुलखाचं अभय. त्या काळी सरदार आपापसातली भांडणं तलवारीने मिटवत, आणि दोघांच्या भांडणात जळायची शेतकऱ्याची गंजी. राजाने सांगितलं, आता भांडण घेऊन न्यायालयात यायचं. हुकूम निघाला म्हणून लढाया थांबल्या असं झालं नाही, पण नावातला अर्थ राजाज्ञेत उतरला. ११९०च्या जूनमध्ये, धर्मयुद्धावर निघालेला असताना, आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत तो बुडाला. लोकांनी मात्र त्याला मरू दिलं नाही. क्युफहॉयझर डोंगराच्या पोटात तो दगडी मेजाशी झोपलेला आहे, दाढी मेजातून आरपार वाढली आहे, आणि डोंगराभोवती कावळे घिरट्या घालत आहेत तोवर तो उठायचा नाही, अशी कथा आहे.

त्याच्या नातवाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. २६ डिसेंबर ११९४ रोजी इटलीत येझी गावी त्याचा जन्म झाला. आई कॉन्स्टान्स, सिसिलीची वारस, वय चाळीस. या वयातलं मूल तिचंच यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून गावच्या चौकात तंबू ठोकून, बायकांच्या देखत प्रसूती झाली, अशी कथा पुढे रुजली. आईने बाळाला आपल्या नावावरून कॉन्स्टान्टिन म्हणायला सुरुवात केली होती. बाप्तिस्मा झाला तेव्हा मात्र नाव ठरलं फ्रीडरिश रॉजर. वडिलांकडचे आजोबा फ्रीडरिश बार्बारोसा, आईकडचे आजोबा सिसिलीचा राजा रॉजर. दोन आजोबा, दोन गाद्या, आणि दोन्हींवरचा हक्क एका पाळण्यात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल आपल्याकडेही आहेच, आणि त्यामागे नुसती माया असते असं कुणी म्हणू नये. नावाबरोबर घराची जबाबदारीही खांद्यावर येते.

या दुसऱ्या फ्रीडरिशने १२२९मध्ये, सुलतान अल-कामिलशी तह करून, लढाई न करता जेरुसलेम मिळवलं. ससाण्यांनी शिकार कशी करावी यावर स्वतः निरीक्षण करून ग्रंथ लिहिला. आणि १२३५मध्ये माइन्झ इथे पुन्हा एक लांटफ्रीडे जाहीर केली, लॅटिनबरोबर जर्मन भाषेतही. लोकांना अभय द्यायचं तर ते लोकांना कळेल अशा भाषेत द्यावं, इतकी साधी गोष्ट, पण तोवर साम्राज्याच्या कायद्यात ती झालेली नव्हती.

तरी 'फ्रीडरिश'चा अर्थ वर्गात एकाच प्रसंगातून सांगायचा असेल तर मी सम्राट सोडून एका सरदाराकडे जाते. सॅक्सनीचा फ्रीडरिश, लोकांनी ज्याला शहाणा म्हटलं. १५२१च्या एप्रिलमध्ये पोपच्या चर्चवर टीका करणारा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर वोर्म्स शहरातल्या साम्राज्याच्या सभेत सम्राटासमोर उभा राहिला आणि आपलं लेखन मागे घ्यायला त्याने नकार दिला. पुढे सम्राटाने त्याला साम्राज्याच्या अभयाबाहेर काढलं. म्हणजे तोच तो फ्रीडलोस. कुणीही धरावं, कुणी आसरा देऊ नये. ल्यूथर परतीच्या वाटेवर होता. ४ मे रोजी थ्युरिंगियाच्या जंगलात घोडेस्वारांनी त्याची गाडी अडवली आणि त्याला पळवून नेलं. बातमी पसरली की ल्यूथरला मारलं. मारलं नव्हतं. ते स्वार फ्रीडरिशचेच होते. त्यांनी त्याला वार्टबुर्ग किल्ल्यावर नेऊन ठेवलं. तिथे त्याने दाढी वाढवली, सरदाराचे कपडे घातले, नाव घेतलं युंकर यॉर्ग. किल्ल्यावरच्या एका लहानशा खोलीत बसून, सुमारे अकरा आठवड्यांत, त्याने बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. आजची लिखित जर्मन भाषा ज्या पायावर उभी आहे, त्यातला मोठा दगड त्या खोलीत बसला. फ्रीडरिशने स्वतः जुन्या धर्माचे रिवाज पुढेही पाळले. ल्यूथरचं म्हणणं त्याला सगळं पटत होतं असंही नाही. पण आपल्या मुलखातल्या माणसाला ऐकून न घेता कुणी संपवायचं नाही, यावर तो ठाम राहिला. आपल्या कुंपणाच्या आतल्या माणसाला अभय. फ्रिडु अधिक रीह.

फ्रिट्झ

राजाचं नाव प्रजेत उतरतं तेव्हा ते आखूड होतं. फ्रीडरिशचं झालं फ्रिट्झ. श्वाबियात फ्रीडर, उत्तरेकडे समुद्राकाठी फीटे, मुलींसाठी फ्रीडरिके. प्रशियाच्या गादीवर १७०१पासून फ्रीडरिश आणि फ्रीडरिश विल्हेल्म आलटून पालटून आले, इतके की विद्यार्थी परीक्षेत हमखास घोटाळा करतात. त्यातला दुसरा फ्रीडरिश लोकांच्या तोंडी 'म्हातारा फ्रिट्झ' झाला. १७५६मध्ये त्याने शेतकऱ्यांनी बटाटा लावावा म्हणून फर्मान काढलं. पोट्सडाममध्ये झांझुसी राजवाड्याच्या गच्चीवर, त्याच्या लाडक्या कुत्र्यांच्या शेजारी, त्याची साधी दगडी लादी आहे. लोक आजही तिच्यावर फुलांबरोबर बटाटे ठेवतात. कच्चे, मातीचा वास असलेले. नैवेद्यच म्हणायचा. पण याच राजाने गादीवर बसल्या वर्षीच, १७४०च्या डिसेंबरमध्ये, शेजारच्या सायलेशियात फौजा घुसवल्या. ऑस्ट्रियाच्या मारिया टेरेझाचा वारसाहक्क त्याच्या वडिलांनी मान्य केलेला होता, आणि तिच्याच मुलखावर याने हात टाकला. कुंपणानेच शेत खाल्लं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि बटाट्याची सांगून सायलेशियाची लपवणं मला पटत नाही.

राजांमुळे घरोघर फ्रीडरिश झाले. १५ ऑक्टोबर १८४४ रोजी रॉकन नावाच्या खेड्यात पाद्र्याच्या घरी मुलगा झाला. तो राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याचा वाढदिवस. बापाने राजाचंच नाव ठेवलं, फ्रीडरिश विल्हेल्म. आडनाव नित्शे. पुढे त्याने विल्हेल्म गाळून टाकलं. कवी शिलर फ्रीडरिश, तत्त्वज्ञ हेगेल आणि गणिती गाउस यांच्या नावांतही फ्रीडरिश. एंगेल्सचा तर बापही फ्रीडरिश. आणि लहान मुलांसाठीच्या शाळेला १८४०मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव देणारा फ्रोबेलही फ्रीडरिश. मुलांची बाग, कुंपणाच्या आत निर्धास्त खेळणारी मुलं. ही जुळणी योगायोगाची आहे हे मला कळतं, पण मला ती आवडते.

विसाव्या शतकाने या नावाचं फार वाईट केलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज शिपाई समोरच्या खंदकातल्या कुठल्याही जर्मनाला फ्रिट्झ म्हणू लागले. २२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या, त्या मोहिमेला नाव दिलं होतं बार्बारोसा. ज्याने मुलखाला अभय जाहीर केलं होतं, त्या फ्रीडरिशचं टोपणनाव एका आक्रमणाला. आणि ज्यांची गावं जळाली ते रशियन लोक या सैनिकांना काय म्हणत? फ्रिट्झ. रशियन भाषेत तो शब्द शत्रूसाठी कायमचा बसला. एकाच नावाचं एक रूप हल्ला करणाऱ्यांनी घेतलं आणि दुसरं हल्ला सोसणाऱ्यांनी. युद्धानंतरच्या आईबापांना पाळण्यात हे नाव नकोसं झालं असेल तर त्यांना दोष कसा द्यावा? आता पणजोबांच्या पिढीची नावं पुन्हा ठेवायची हौस तिकडे आली आहे आणि फ्रीडरिशही अधूनमधून बारशाला हजेरी लावतो. मे २०२५मध्ये चान्सलर झालेले मेर्त्स यांचं कागदोपत्री पहिलं नाव योआखिम-फ्रीडरिश आहे, लोक ओळखतात ते नुसत्या फ्रीडरिशला.

हद्दी ओलांडताना नावाने कपडे बदलले, ते थोडक्यात. फ्रान्समध्ये फ्रेडेरिक, इटलीत आणि स्पेनमध्ये फेदेरिको, पोलंडमध्ये फ्रिडेरिक, हंगेरीत फ्रिद्येश. चेकमध्ये बेद्रझिख, जे ऐकून नातं पटतच नाही. तरी संगीतकार स्मेटाना १८२४मध्ये नोंदवहीत फ्रीडरिश म्हणूनच चढला होता, बेद्रझिख तो नंतर झाला. अमेरिकेत गेलेल्या फ्रीडरिशांचे फ्रेडरिक झाले आणि पुढच्या पिढीत फ्रेड. कालस्टाट गावातून गेलेल्या फ्रीडरिश ट्रम्पचं घराणं त्यातलं सध्या सर्वांत जास्त चर्चेत असलेलं.

आपल्या अंगणात

हे नाव आपल्या अंगणातही येऊन गेलं आहे. वसईत आणि गोव्यात फ्रेडरिक आणि फ्रेडी भेटतात. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बुलसारा आडनावाच्या फारूख नावाच्या पारशी मुलाला मित्र फ्रेडी म्हणू लागले, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच्याही फार आधीची एक गोष्ट आहे, आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

१७५५मध्ये डॅनिश लोकांनी हुगळीच्या काठी, श्रीरामपूर इथे वखार घातली आणि आपला राजा फ्रेडरिक पाचवा याच्यावरून गावाला नाव दिलं फ्रेडरिक्सनगर. फ्रेडरिक म्हणजे फ्रीडरिशच. १८००च्या सुरुवातीला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी तिथे येऊन राहिला. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. इंग्रजांच्या हद्दीत जे करू दिलं नसतं ते त्याला डॅनिश हद्दीत करता आलं, कारण तिथला गव्हर्नर ओले बी याने या लोकांना आसरा दिला. तिथे छापखाना उभा राहिला. त्या छापखान्यातून १८०५मध्ये मराठीचं व्याकरण बाहेर पडलं, देवनागरी खिळ्यांत. १८१०मध्ये मराठीचा कोश आला, त्यात मराठी शब्द मोडी अक्षरांत. वैजनाथ पंडित या कामात कॅरीचे मदतनीस होते. आपल्या भाषेचं हे सुरुवातीचं छापील व्याकरण पुण्यात झालं नाही, मुंबईतही झालं नाही. ते झालं फ्रेडरिकच्या नावाच्या गावात. १८४५मध्ये डॅनिशांनी ते गाव इंग्रजांना विकलं आणि नाव पुसलं गेलं.

आणि शेवटी ज्याच्या नावाच्या पाट्या पुण्यात आणि मुंबईत लागलेल्या आहेत तो माणूस. मॅक्स म्युलर भवन सगळ्यांना ठाऊक असतं. पण म्युलरचं पूर्ण नाव होतं फ्रीडरिश मॅक्स म्युलर, जन्म डेसाऊ, १८२३. ऑक्सफर्डमध्ये बसून त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापला आणि मुखपृष्ठावर संस्कृतात स्वतःची ओळख करून दिली : शर्मण्य देशात जन्मलेला, गोतीर्थात राहणारा मोक्षमूलर भट्ट. जर्मनीचं शर्मण्य, ऑक्सफर्डचं गोतीर्थ. इंग्रजी पुस्तकांवर त्याचं नाव असे एफ. मॅक्स म्युलर. फ्रीडरिशचं एवढं एकच अक्षर उरलं होतं.

१४ सप्टेंबर १८९७ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वेदांचा काळ ठरवू पाहणारा त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३मध्ये निघाला होता. या काळाबद्दल म्युलरची मतं निराळी होती, तरी या अभ्यासकाची किंमत त्याला कळत होती. टिळकांना सोडावं म्हणून विलायतेत राणीकडे जो अर्ज गेला, त्यात म्युलर पुढे होता. ६ सप्टेंबर १८९८ला, मुदतीच्या आधी, टिळक सुटले. पण त्याआधी एक पार्सल तुरुंगात पोचलं होतं. म्युलरने आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती टिळकांना पाठवली होती. ती त्यांच्याजवळ राहू देण्यात आली, आणि वाचायला रात्री काही तास दिवाही मिळाला. टिळकांनी हे १९०३मध्ये, 'आर्क्टिक होम' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, कृतज्ञतेने नोंदवून ठेवलं आहे. म्युलर तोवर हयात नव्हता. कोठडीतल्या त्या दिव्याच्या उजेडात टिळक जे पान उलटत होते, त्या पुस्तकावर नावाआधी ते एक अक्षर होतं.